भोपळ्यांतली म्हातारी आणि हक्कसोडपत्र

सन २०१९ च्या जून महिन्यांत बालभारतीचें इयत्ता दुसरीचें नवें पुस्तक मुलांच्या हातीं पडलें, तेव्हां त्यांतील कांहीं चित्रांची बरीच चर्चा झाली. एका चित्रांत आई व बाप असे दोघेंही बसून भाजी निवडीत आहेत. दुसरीकडे डॉक्टर दाखविला आहे ती स्त्री, रहदारीचा पोलीस तोही स्त्रीच, आणि स्वयंपाकाचें काम करणारा मात्र पुरुष! आम्हांस त्या चित्रांविषयीं आश्चर्य वाटलें तें एवढेंच कीं, त्यांची बातमी झाली. बापानें मेथीची जुडी हातीं घेतली ही गोष्ट जर वर्तमानपत्रांत छापण्याच्या योग्यतेची ठरत असेल, तर आमच्या घरांतून ती किती विरळा घडते याचा निराळा पुरावा कशास पाहिजे?

असा विषय निघाला म्हणजे आक्षेप ठरलेले असतात. एक असा कीं, हे विचार परके आहेत; समुद्रापलीकडून आले आणि आमच्या अजाण लेंकरांच्या माथीं मारले गेले. दुसरा असा कीं, मुलांस गोष्ट पाहिजे, उपदेश नको. स्त्रीपुरुषांचे वाद मोठ्यांनीं घालावे, लहानांच्या गोष्टींत ते कशाला? या दुसऱ्या आक्षेपांत थोडें तथ्य आहे व त्याचा विचार आम्ही पुढें करूं. पहिल्यांत मात्र मुळींच तथ्य नाहीं. जे तो घेतात त्यांस आपल्या आजीनें सांगितलेल्या गोष्टी विसरल्या आहेत, किंवा त्या ऐकतांना ते झोंपीं गेले असले पाहिजेत.

भोपळ्यांत बसून घरीं परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट ज्यास ठाऊक नाहीं असा मराठी बोलणारा मनुष्य विरळा. रानापलीकडे लेकीचें घर. म्हातारी एकटी निघते. वाटेंत हिंस्र जनावरें तिला अडवितात. म्हातारी रडत नाहीं, कोणा पुरुषाच्या नांवानें हांक मारीत नाहीं, देवाचाही धांवा करीत नाहीं. माझ्या अंगावर आज मांस नाहीं, लेकीकडे चार दिवस चांगलेंचुंगलें खाऊन परत येईन तेव्हां खा, असा व्यवहार ती वाघापुढें मांडते आणि वाघ तो पत्करतो. आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको कीं ही मुदतीची हुंडी झाली. मुदत भरल्यावर म्हातारी ती शिकारीत नाहीं आणि भोपळ्यांत बसून निसटते, याबद्दल कोणी तिच्या पतीविषयीं नव्हे पण पतीहून मोठी जी पत तिच्याविषयीं शंका काढील, तर आमचें कायद्याचें मत असें आहे कीं जिवाच्या धाकानें घेतलेली कबुली सन १८७२ च्या करारांच्या कायद्याप्रमाणेंही पाळण्याचें बंधन नाहीं.

पण त्या गोष्टींत याहूनही मोठा मुद्दा आहे आणि तो सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. म्हातारी जाते ती लेकीकडे. तिला मुलगा होता कीं नव्हता याची चौकशी गोष्ट करीत नाहीं. लग्न झालेल्या लेकीच्या घरचें पाणीसुद्धां आईबापांनीं पिऊं नये असा दंडक ज्या घरांतून पाळला जाई, त्याच घरांतून ही गोष्ट पिढ्यानपिढ्या नातवंडांस सांगितली गेली. म्हाताऱ्या आईस चार दिवस पोटभर खाऊं घालणारी लेक आणि परतीच्या वाटेसाठीं भोपळ्याची सोय करून देणारीही लेकच! शास्त्रार्थ एकीकडे आणि आजीचा अनुभव दुसरीकडे, असा हा प्रकार आहे. आणि आजीनें आपला अनुभव गुपचूप गोष्टींत ठेवून दिला.

हें आम्ही खानदेशांत बसून लिहीत आहों म्हणून त्याचें महत्त्व अधिक. सन २०११ च्या जनगणनेंत जळगांव जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागें ८४२ मुली आढळल्या. सगळ्या महाराष्ट्राचा आंकडा ८९४ होता, आणि तोही अभिमान बाळगण्यासारखा नव्हे. गर्भाची लिंगतपासणी आटोक्यांत आणणारा कायदा करण्यांत महाराष्ट्र अवघ्या देशाच्या पुढें होता. तो कायदा १९८८ चा, व सबंध देशाचा १९९४ चा. म्हणजे कायदा होता, शिक्षा होती, आणि तरीही सहस्रामागें दीडशेंहून अधिक मुलींची तूट आली. कपाशीचा, केळ्यांचा, डाळींचा आणि सोन्याचा जेथें भाव पैशापैशाचा हिशेब करून ठरतो, त्या जिल्ह्यांत ही तूट कोणाच्या खातेवहींत कशी मांडली गेली नाहीं? आणि त्यामागें सांगितलें जाणारें कारण कोणतें? म्हातारपणीं आम्हांस कोण पाहील! ज्या घरांत हें कारण सांगितलें जातें त्याच घरांत रात्रीं निजतांना भोपळ्याची गोष्टही सांगितली जात असेल, हें मनांत येऊन आम्हांस हंसावें कीं रडावें हें समजत नाहीं.

दुसरी गोष्ट राजाच्या धाकट्या मुलीची. घरोघर ती थोड्याफार फरकानें सांगतात. राजा आपल्या मुलींस विचारतो, तुम्ही कोणाच्या नशिबाचें खातां? थोरल्या म्हणतात, बाबा, तुमच्या. धाकटी म्हणते, माझ्या स्वतःच्या. राजा संतापतो व तिला कोणा भिकाऱ्याच्या गळ्यांत बांधून घालवून देतो. पुढें तिचा संसार फुलतो आणि राजाच भिकेस लागून तिच्या दारीं येतो. इंग्रजी नाटक वाचलेल्यांस येथें शेक्सपिअरच्या लियर राजाची आठवण होईल. पण दोहोंतला फरक पाहण्यासारखा आहे. लियर मुलींस विचारतो, तुमचें माझ्यावर प्रेम किती? आमचा राजा विचारतो, तुमच्या अन्नाचा धनी कोण? पहिला प्रश्न मनाचा आहे, दुसरा सरळ मालकीचा आहे. आणि मालकीच्या प्रश्नास एका लहान मुलीनें दिलेलें उत्तर आमच्या ओट्यांवरून शेंकडों वर्षें सांगितलें जात आहे. तें उत्तर परकें कसें म्हणावें?

तिसरी शुक्रवारची कहाणी. भाऊ सहस्रभोजन घालतो. गरीब बहीण बोलावणें नसतां पोरांना घेऊन पंगतीस बसते आणि भाऊ तिला हाताला धरून उठवितो. पुढें तिचे दिवस पालटतात, तेव्हां त्याच भावाचें आर्जवाचें आमंत्रण येतें. ती जाते, अंगावरचे दागिने उतरून मांडते व पानांतला एकेक पदार्थ त्या दागिन्यांवर ठेवते. कारण बोलावणें त्यांना आहे, तिला नाहीं. व्रताचा महिमा सांगण्यासाठीं ही कहाणी रचली असें म्हणतात. असेल. पण श्रावणांत ती ऐकणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत जें पाणी येत असे तें व्रताच्या महिम्यानें येत होतें असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां आमच्यावर एकांगीपणाचा आरोप यावयास नको म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आजीच्या पोतडींतलें सारेंच सोनें नव्हे. आवडती व नावडती अशा दोन राण्या करून नावडतीनें मुकाट्यानें सोसावें, गोठ्यांत राहावें, आणि शेवटीं राजाचें मन वळलें म्हणजे सारें मिळालें असें मानावें, हा धडा कित्येक कहाण्यांतून मुलींच्या मनांत घोळून घोळून मुरविला गेला. राजानें दोन बायका केल्याच कां, हा प्रश्न कोणतीही कहाणी विचारीत नाहीं. चिमणीचें मेणाचें घर व कावळ्याचें शेणाचें घर ही गोष्ट तर दोन वर्षांच्या मुलासही पाठ असते. तींतली चिमणी मुलाला न्हाऊंमाखूं घालण्यांत इतकी गुंतलेली कीं पावसांत भिजणाऱ्या शेजाऱ्यास दार उघडण्यास तिला सवड नाहीं, आणि चिमणा कोठें गेला आहे तें कोणी सांगत नाहीं. (आमच्या मतें तो ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचीत असावा.) तेव्हां जुनें तेवढें जपा असें आम्ही म्हणत नाहीं. जुन्यांतही दोन घराणीं आहेत, एवढेंच आमचें म्हणणें. आणि छापखाना आल्यावर त्यांपैकीं नेमकें सोशिक घराणें पुढें आलें, दुसरें मागें पडलें.

असें कां झालें? सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं सन १८२८ मध्यें 'बालमित्र' व 'इसापनीति' मराठींत आणलीं, तेव्हां मुलींची शाळा ही वस्तूच मराठी मुलखांत बहुतेक अपरिचित होती; जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली ती त्यानंतर वीस वर्षांनीं, १८४८ सालीं. विनायक कोंडदेव ओकांचें 'बालबोध' १८८१ चें आणि वासुदेव गोविंद आपट्यांचा 'आनंद' १९०६ चा. या मंडळींचे उपकार मोठे. पण ज्या काळीं वाचणारा बहुधा मुलगाच, त्या काळीं गोष्टींतला पराक्रमीही मुलगाच होणार, हें ओघानें आलें. मुलगी राहिली ती बहीण म्हणून ओवाळायला. पुढें काळ बदलला, मुली शाळेंत बरोबरीनें बसूं लागल्या, तरी खोड गेली नाहीं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवर टांग टाकून चोरांच्या मागें सुटतो, त्याचें कौतुक आम्हांसही आहे. पण तशीच सायकल घेऊन सुटलेली आणि महाराष्ट्रांतल्या प्रत्येक मुलाच्या तोंडीं जिचें नांव आहे अशी मुलगी वाचकांनीं आम्हांस चटकन सांगावी. आणि गंमत अशी कीं प्रत्यक्षांतल्या मुलीनें गोष्टींतल्या मुलीस केव्हांच मागें टाकलें होतें. फुल्यांच्या शाळेंतील मुक्ता नांवाच्या मांग मुलीनें महारमांगांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध सन १८५५ मध्यें 'ज्ञानोदया'त छापून आला. ती तेव्हां चौदा वर्षांच्या आसपास होती. अशा मुलीस नायिका करून मुलांसाठीं गोष्ट लिहावी, हें किती वर्षें कोणास सुचलें नाहीं!

या बाबतींत खानदेशावर एक निराळें ऋण आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत १९२४ पासून १९३० पर्यंत शिक्षक होते आणि तेथील छात्रालय त्यांच्याकडे होतें. मुलांच्या खोल्या झाडणें, त्यांचे कपडे धुणें हीं कामें ते स्वतः करीत, हें सर्वश्रुत आहे. पुढें १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत पांच दिवसांत त्यांनीं 'श्यामची आई' लिहिलें, तें १९३५ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत 'अर्धनारी नटेश्वर' या नांवाचें एक प्रकरण आहे. बायकी म्हणून हिणविलेलीं कामें व बायकी म्हणून हिणविलेले गुण अंगीं बाणविल्यावांचून पुरुष पुरा होत नाहीं, असा त्याचा आशय. म्हणजे बालभारतीनें २०१९ सालीं जें चित्र काढलें तें एका मराठी मास्तरनें त्याच्या चौऱ्यायशीं वर्षें आधीं छापून ठेवलें होतें, आणि त्याआधीं आमच्याच अमळनेरांत हातानें करून दाखविलें होतें.

मग त्याचा परिणाम कां झाला नाहीं? याचें उत्तर पुस्तकांत नाहीं, तें वाचकांत आहे. 'श्यामची आई' वाचून महाराष्ट्रानें डोळे पुसले. केर मात्र काढला नाहीं. आईचा त्याग तेवढा आम्हीं पूजेस लावला, कारण आईनें त्याग करावा यांत आमची सोय होती. श्यामनें आईचें काम वांटून घ्यावें हें प्रकरण मात्र आम्हीं भराभर उलटलें. शिवाय स्पष्ट बोलावयाचें तर त्या थोर पुस्तकाचीही एक मर्यादा आहे. त्यांतली माउली कर्जानें गांजलेल्या घरांत झिजून झिजून मरते. कर्ज काढण्यांत तिचा हात नव्हता, फेडण्यांत मात्र तिचा जीव गेला. ती पूज्य आहे यांत शंका नाहीं, पण मुलीस पुढें ठेवावयाचा कित्ता म्हणून आमच्या मतें ती एकटी पुरी पडत नाहीं. तिच्या शेजारीं भोपळ्यांतली म्हातारी बसविली पाहिजे.

आणि तिसरी बसवावयाची ती आमच्या असोद्याची. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० चा, मृत्यु १९५१ चा; ऐन तिशींत वैधव्य आलें, पदरीं मुलें, आणि अक्षरओळख नाहीं. जात्यावर व शेतांत सुचलेली त्यांची गाणीं जवळच्यांनीं उतरून घेतलीं म्हणून वांचलीं; आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्यें तीं पुस्तकरूपानें आलीं तेव्हां त्या हयात नव्हत्या. सन २०१८ पासून उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठास त्यांचें नांव आहे. जिला पाटी मिळाली नाहीं तिचें नांव विद्यापीठाच्या पाटीवर, ही गोष्ट कोणत्याही परीकथेहून कमी नाहीं. पण मुलांस आम्ही त्यांची कविता तेवढी पाठ करावयास लावतों. नवरा गेल्यावर त्या बाईनें घर व शेत कसें ओढलें, ती गोष्ट सांगत नाहीं. स्वावलंबन हा शब्द त्यांस माहीत नव्हता. काम माहीत होतें.

आतां ज्या मुद्द्यासाठीं आम्ही हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतों. स्वावलंबन म्हणजे मुलीनें शिकावें, चार पैसे मिळवावे, एवढेंच लोक समजतात. आणि तेवढ्यापुरते खानदेशचे लोक मागें नाहींत. ज्या जिल्ह्यानें १९६२ सालीं सत्तावीस वर्षांच्या प्रतिभाताई पाटील यांस जळगांवांतून विधानसभेंत पाठविलें, आणि ज्याची ती लेक २००७ मध्यें राष्ट्रपति झाली, त्यास मुलींच्या शिक्षणाचें महत्त्व आम्हीं काय सांगावें? पण स्वतःच्या पायावर उभें राहावयाचें तर पायाखालीं जमीन कोणाची, हा प्रश्न उरतोच. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलासारखा हक्क महाराष्ट्रानें १९९४ मध्यें दिला, पण त्या कायद्यापूर्वीं लग्न झालेल्या मुली त्यांतून वगळल्या. देशाच्या कायद्यानें ९ सप्टेंबर २००५ पासून तो भेद काढून टाकला. त्या दिवशीं बाप हयात असलाच पाहिजे असें नाहीं, हक्क जन्मानेंच मिळतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें विनीता शर्मा यांच्या खटल्यांत ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. कायद्याचें काम बहुतेक पुरें झालें.

आणि तरीही दुय्यम निबंधकाच्या कचेरींत काय दिसतें? बाप जाऊन दोन महिने झालेले असतात. भाऊ बहिणीस गाडींतून घेऊन येतो. वहिनीनें नवी साडी दिलेली असते. बहीण सांगितलेल्या जागीं सही करते आणि हक्कसोडपत्र नोंदलें जातें. कागदावर लिहिलेलें असतें कीं हें मी राजीखुशीनें, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देतें. वकिलीच्या धंद्यांत आम्हीं असे कागद पाहिले आहेत, आणि कबूल करावयास लाज वाटते, तयारही केले आहेत. खरोखर राजीखुशीनें सोडणाऱ्या बहिणीही असतात व त्यांस तसें करण्याचा पुरा अधिकार आहे. पण ज्या बाईस लहानपणापासून हेंच ऐकविलें कीं माहेर तुटेल असें कांहीं मागूं नये, तिची राजीखुशी म्हणजे काय? वाघ समोर उभा नसतो, हें खरें. तो गोष्टींतून आधींच तिच्या मनांत आणून ठेवलेला असतो. करारांच्या कायद्यास तो दिसत नाहीं. शुक्रवारच्या कहाणींतल्या बहिणीनें तो भावाच्या पंगतींत उघडा केला होता.

म्हणून मुलांच्या गोष्टी हा आम्हांस करमणुकीचा विषय वाटत नाहीं. सही करणारा हात सातव्या वर्षींच घडत असतो, आणि सहीसाठीं कागद पुढें सारणारा हातही त्याच वयांत घडतो. हें दुसरें लोक विसरतात. मुलींस शूर करणाऱ्या गोष्टी लिहिल्या आणि मुलग्यांच्या गोष्टी होत्या तशाच ठेवल्या, तर काम निम्मेंच होईल. स्वतःचें ताट उचलून न धुणारा मुलगा हाही परावलंबीच आहे. त्याला कोणी तसें म्हणत नाहीं, एवढाच काय तो फरक.

आतां तो दुसरा आक्षेप. गोष्टींत उपदेश नको, हें आम्हांस मान्य आहे. अलीकडे सदिच्छेनें लिहिलेल्या कित्येक गोष्टींत मुलाचें नांव खोडून मुलीचें घातलें कीं लेखकाचें कर्तव्य संपतें. शेवटीं गुरुजी येऊन समानतेवर चार वाक्यें बोलतात आणि मूल जांभई देतें. राजाच्या धाकट्या मुलीची गोष्ट आज सांगतांना तींतलें 'नशीब' काढून त्याजागीं 'कष्ट' घालावें, असेंही कोणी सुचवील. आम्ही घालणार नाहीं. त्या मुलीची ऐट त्याच शब्दांत आहे. मूल ती ऐट उचलतें आणि नशिबाचा अर्थ पुढें स्वतःच लावतें. भोपळ्याची गोष्ट इतकीं वर्षें टिकली ती तिच्यांत तत्त्व आहे म्हणून नव्हे. भोपळा टुणूक टुणूक पळतो म्हणून टिकली, आणि तत्त्व त्याच्या आंत बसून फुकट प्रवास करीत आलें.

तसें साहित्य आमच्याकडे अजून पुष्कळ पडून आहे. आखाजीस खानदेशांत लेकी माहेरीं येतात, झोके बांधतात, गाणीं म्हणतात. अहिराणींत, लेवा बोलींत, सातपुड्यांतल्या भिलांच्या बोलींत त्या बायकांपाशीं ज्या गोष्टी आहेत त्यांपैकीं किती छापल्या गेल्या? सन २०२५ मध्यें दिल्लीच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद डॉ. तारा भवाळकर यांस मिळालें. लोकसाहित्यांत बाई आपलें मन कसें बोलून ठेवते, याचा शोध त्यांनीं जन्मभर घेतला. त्या संमेलनाच्या आदल्या वर्षींच तो मांडव आमच्या अमळनेरांत पडला होता. मांडवास ज्यांनीं सढळ हातानें वर्गणी दिली त्या व्यापारी मंडळींनीं पुढल्या आखाजीस एवढें करावें कीं, आपल्या घरीं आलेल्या आत्यांस, मावश्यांस, बहिणींस बसवून त्यांच्या गोष्टी त्यांच्याच बोलींत उतरून घेवाव्या. गांवचें एखादें वाचनालय तीं पानें छापून काढील, व खर्च एका लग्नांतल्या रोषणाईहून कमी येईल. पतपेढ्यांनीं व शाळांनीं बक्षिसांसाठीं पुस्तकें घेतांना निदान यादी चाळावी. बक्षीस घेणाऱ्यांत मुली निम्म्याहून अधिक आणि पुस्तकांवरच्या चित्रांत सगळे मुलगे, हा देखावा आम्हीं अनेक समारंभांत अध्यक्षांच्या शेजारीं बसून पाहिला आहे.

हा लेख लिहीत असतां घरांतल्या एका आठ वर्षांच्या मुलीस आम्हीं धाकट्या राजकन्येची गोष्ट सांगितली. राजा भिकेस लागून तिच्या वाड्याशीं येतो, ती त्याला ओळखते, जेवूं घालते, येथें गोष्ट संपली. मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग तिनें विचारलें, "काका, तो वाडा तिच्या नांवावर होता कीं तिच्या नवऱ्याच्या?" गोष्टींत तें सांगितलेलें नाहीं, असें आम्हांस कबूल करावें लागलें.